‘पर्यायी मार्ग’ या शब्दाची चिकित्सा : भूकंप, दोन खाड्या आणि चांदीपचा रस्ता

 

विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एकाने आम्हाला विचारलं, “सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, मग भूकंपावर कसे बोलणार?” प्रश्न रास्त आहे. आम्ही भूगर्भशास्त्रज्ञ नाही, अभियंताही नाही. पण शब्द तपासणं हे आमचं काम होतं आणि निवृत्तीनंतरही ती खोड गेलेली नाही. आज आम्ही एकच शब्द तपासायला घेतला आहे : ‘पर्यायी मार्ग’. आपत्तीच्या आराखड्यात, पोलिसांच्या सूचनांत, बातम्यांत, पुलाच्या उद्घाटनाच्या भाषणात हा शब्द हमखास येतो. तो ऐकला की आपल्याला बरं वाटतं. एक रस्ता बंद झाला तरी दुसरा आहे, असा दिलासा त्यात असतो. आमचं म्हणणं असं, की वसई-विरारच्या बाबतीत हा दिलासा बराचसा पोकळ आहे, आणि मोठा भूकंप झाला तर तो पोकळपणा एका सकाळीत उघडा पडेल. हे सांगायला चांदीपइतकी योग्य जागा नाही. का, ते शेवटी येईल.

आधी आपली जागा डोळ्यांसमोर आणू. वसई तालुक्याच्या पश्चिमेला समुद्र. दक्षिणेला वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचं मुख. उत्तरेला वैतरणा, आणि तिला येऊन मिळणारी तानसा. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. चारही बाजूंनी काहीतरी आडवं आहे. नकाशात ही जमीन मुंबईला जोडलेली दिसते, पण ती जोडलेली आहे ती टाक्यांनी. नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये पाणजू बेटावरून जाणारे रेल्वेचे पूल हा एक टाका. घोडबंदरजवळ महामार्गाचा वर्सोवा पूल हा दुसरा. उत्तरेला रेल्वेचा वैतरणेवरचा पूल, महामार्गाचे तानसा आणि वैतरणेवरचे पूल, हे बाकीचे टाके. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. त्यानंतर किती भर पडली ते संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये उभं राहून कळतं. एवढी माणसं या टाक्यांवर अवलंबून आहेत.

आपल्या पूर्वजांना हे चांगलं माहीत होतं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला तो नुसत्या तटावर धडका मारून नव्हे. आधी ठाणं, साष्टी, वर्सोवा, धारावीचं बेट ही खाडीवरची ठिकाणं हातात घेतली, किल्ल्याची रसद आणि मदत तोडली, आणि मग शेवटचा हल्ला केला. वसई कोंडायची तर खाड्या धरायच्या, हे पावणेतीनशे वर्षांपूर्वीचं युद्धशास्त्र. आज ते काम शत्रूने करायची गरज नाही. जमीन करू शकते.

करू शकते का, हा पहिला प्रश्न. पुष्कळ जण म्हणतात, “इथे कुठे भूकंप होतो? आमच्या आजोबांनी ऐकला नाही.” या वाक्यात एक तर्क दडलेला आहे आणि तो आपल्याकडच्या मीमांसकांनी फार बारकाईने तपासलेला आहे. त्याला ‘अनुपलब्धी’ म्हणतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण भाट्ट मीमांसक आणि अद्वैती लगेच अट घालतात : ही अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. म्हणजे घडा असता तर तो दिसलाच असता, एवढा उजेड हवा, डोळे उघडे हवेत. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. मोठे भूकंप एकाच ठिकाणी पुन्हा व्हायला शेकडो, कधी हजारो वर्षं लागतात. आपल्या हातातली नोंद तीन-चारशे वर्षांची, तीही धूसर. ही अंधारी खोली झाली. आजोबांनी ऐकला नाही हे खरं, पण ते प्रमाण नाही.

नोंद किती धूसर, याचं उदाहरण इथलंच घ्या. जुन्या भूकंप-याद्यांमध्ये मे १६१८ मध्ये मुंबई-वसईकडे मोठा भूकंप झाल्याची नोंद सापडते. पुढच्या अभ्यासकांनी कागदपत्रं तपासून सांगितलं, की ते बहुधा भयंकर चक्रीवादळ होतं. म्हणजे ज्या घटनेकडे बोट दाखवावं ती भूकंप नसण्याचीच शक्यता जास्त. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण भीती वाढवायला सोयीचा पुरावा वापरायचा आणि गैरसोयीचा लपवायचा, हे आम्हाला मान्य नाही.

पण दुसरी बाजूही पाहा. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, थंड, जुना खडक, असंच आम्ही शाळेत शिकलो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला सहाच्या वर क्षमतेचा भूकंप झाला. हादरा मुंबईपर्यंत आला. आम्ही तेव्हा कॉलेजात नुकते गेलो होतो. मांडणीवरची भांडी वाजायला लागली आणि आई म्हणाली, मांजर असेल. पुस्तकातलं वाक्य त्या पहाटे खोटं ठरलं. मग ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी. जिथे भूकंपाचा धोका सर्वांत कमी धरला होता, तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. आणि आपल्याच पालघर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे, धुंदलवाडीच्या परिसरात, लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्यातले मोठे धक्के चारच्या आसपासचे होते. लोक थंडीत तंबूत झोपले. अशा मालिकेतून मोठा भूकंप येईलच असं विज्ञान म्हणत नाही, येणारच नाही असंही म्हणत नाही. भूकंपाच्या नकाशात मुंबई आणि आपला किनारा झोन तीनमध्ये म्हणजे मध्यम धोक्यात येतो. लोक ‘मध्यम’ शब्द ऐकून निश्चिंत होतात. पण तो शब्द जमिनीच्या हादऱ्याविषयी बोलतो. त्या हादऱ्याखाली आपण काय बांधून ठेवलं आहे, याविषयी तो गप्प आहे.

आता भूकंप रस्त्यांचं काय करतो ते पाहू. सिनेमात पूल मधोमध दुभंगतो आणि गाड्या खाली पडतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा पूल उभा राहतो आणि तरीही निकामी होतो. पुलाला जोडणारा मातीचा भराव एखादा फूट खचतो. पूल जागेवर, पण त्याच्यावर चढता येत नाही. किंवा तुळई आपल्या बैठकीवरून थोडी सरकते. किंवा काहीच दिसत नाही, पण तपासणी होईपर्यंत गाडी सोडता येत नाही. रेल्वेत तर हे अगदी स्वाभाविक आहे : रूळ, पूल, वरची विजेची तार तपासल्याशिवाय लोकल धावणार नाही, धावू नये. ज्या शहराची निम्मी कमावती माणसं सकाळी खाडीपलीकडे गेलेली असतात, तिथे दुपारी दोन वाजता झालेला भूकंप म्हणजे घरात मुलं आणि म्हातारी, आणि त्यांची माणसं चर्चगेट-अंधेरीला अडकलेली. पूल पडायची गरजच नाही.

त्यात आपली जमीन. नायगाव, जूचंद्र, नालासोपाऱ्याकडचा पट्टा आठवा. जिथे मिठागरं होती, खाजण होतं, भातशेती होती, तिथे भराव टाकून इमारती आणि रस्ते झाले. पाण्याने भरलेली सैल वाळू जोरात हलली की काही काळ ती घट्ट जमिनीसारखी वागत नाही, पातळ पदार्थासारखी वागते. याला द्रवीकरण म्हणतात. खाडीकाठचा मऊ चिखल आणखी एक करतो : खालून आलेला हादरा तो वाढवून वर देतो. १९८९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी भूकंप झाला. तिथे एक दुमजली उड्डाणमार्ग कोसळला आणि ४२ माणसं गेली. त्या मार्गाचा मऊ चिखलावर उभा असलेला भागच मुख्यतः पडला. केंद्र जवळजवळ शंभर किलोमीटर दूर होतं. तेव्हा “भूकंप डहाणूला झाला तर आम्हाला काय” असं म्हणताना पायाखाली खडक आहे की भराव, हे आधी बघावं.

इथवर माहिती झाली. आता चिकित्सेला येऊ.

आराखड्यांची आणि भाषणांची एक सवय अशी, की मार्ग मोजायचे. एक होता, आता दोन झाले, उद्या चार होतील. आम्ही म्हणतो, मार्ग मोजण्याआधी हे बघा की ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का. समजा, एका पुलावर आपत्तीत बंद पडण्याची शक्यता दहात एक आहे. दुसऱ्या पुलाचीही तेवढीच. दोघांची नशिबं वेगवेगळी असतील तर दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता शंभरात एक. छान. पण दोन्ही पूल एकाच खाडीवर, एकाच चिखलात, एकाच हादऱ्याखाली असतील, तर हे गणित कोसळतं. एकाला जे झालं तेच दुसऱ्याला होण्याची शक्यता मोठी. कारण एक, परिणाम दोन. अशा दोन पुलांना पर्याय म्हणणं म्हणजे एकाच खिशात दोन पाकिटं ठेवून चोरीची चिंता मिटली म्हणण्यासारखं आहे.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण जपानचं कोबे. १७ जानेवारी १९९५, पहाटे पावणेसहा. कोबेची रचना ऐका आणि वसई आठवा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला रोक्को डोंगर, मध्ये काही किलोमीटरची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीत ओसाका ते कोबे तीन वेगवेगळ्या रेल्वे समांतर धावत होत्या : जेआर, हांक्यू आणि हानशिन. शिवाय उंचावरून जाणारा द्रुतगती मार्ग, त्याखालचा रस्ता आणि जगातल्या मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक बंदर. कागदावर बघाल तर पर्यायांची श्रीमंती. त्या पहाटे तिन्ही रेल्वे तुटल्या. द्रुतगती मार्गाचा सहाशे मीटरहून लांब तुकडा आडवा झाला, त्याखालचा रस्ताही अडला, बंदराचे बहुतेक धक्के निकामी झाले. उरलेल्या रस्त्यांवर नातेवाईक, मदत, बघे, सगळे एकदम आले आणि अग्निशामक गाड्या कोंडीत उभ्या राहिल्या. ६,४३४ माणसं गेली. जेआरचा मार्ग पूर्ण सुरू व्हायला एप्रिल उजाडला, बाकीच्या दोन्हींना जून. एकाच चिंचोळ्या पट्टीतले पाच-सहा मार्ग म्हणजे हिशेबाला एकच मार्ग, हा कोबेचा धडा.

कोबेचा दुसरा धडा फारसा सांगितला जात नाही. मुख्य मार्ग तुटल्यावर डोंगरामागच्या दुय्यम मार्गांना एकदम महत्त्व आलं. काकोगावा नावाची एक एकेरी रेल्वे होती, डिझेलच्या गाड्या, गावाकडची माणसं वापरायची. शहराला वळसा घालून जायला ती कामी आली. पुढे २००४ साली त्या मार्गाचं विद्युतीकरण झालं आणि त्यामागे १९९५ चा अनुभव होता. म्हणजे जपानी लोकांनी पुढचं दार दुरुस्त केलंच, पण मागचं दारही नीट केलं.

लांबचं नको वाटत असेल तर शेजारच्या गुजरातचं घ्या. २६ जानेवारी २००१. कच्छला बाकी गुजरातशी जोडणाऱ्या महामार्गावर सूरजबारीचा पूल आहे. भूकंपात त्या पुलाला इजा झाली. मदत कच्छकडे निघाली होती आणि वाट नेमकी त्या गळ्यातून जात होती. भुजच्या जुन्या गावात गल्ल्या ढिगाऱ्यांनी भरल्या. कांडला बंदराचे धक्के नुकसानीत गेले. आपल्याइथे यातलं काय वेगळं घडेल, असा प्रश्न आम्ही स्वतःला विचारतो आणि समाधानकारक उत्तर मिळत नाही.

भूकंपाशिवायच आपल्याला दोन सूचना मिळून गेल्या आहेत. २०१३ च्या अखेरीस जुन्या वर्सोवा पुलाच्या तुळईला तडा सापडला. अवजड वाहनं वळवावी लागली, दुरुस्त्या लांबत गेल्या, नवा पूल २०२३ मध्ये खुला झाला. जमीन न हलता एका तुळईने एवढं केलं. दुसरी सूचना जुलै २०१८ ची. तेव्हा पावसाने वसई-विरारमधले रूळ पाण्याखाली गेले, नालासोपाऱ्याजवळ लांब पल्ल्याची गाडी अडकली आणि प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. त्या दिवशी आम्हीही घरात वीज नसलेल्या अवस्थेत बसून होतो आणि खाडीपलीकडच्या माणसांची वाट बघत होतो. दोन दिवसांनी सगळं सुरू झालं आणि आपण विसरलो. विसरणं ही आपली सर्वांत मोठी सार्वजनिक सोय आहे.

आता येऊ घातलेले प्रकल्प पाहा. मालवाहतुकीचा स्वतंत्र रेल्वेमार्ग, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग, विरार-अलिबाग मार्गिका, उत्तन-विरार सागरी सेतू. आम्ही प्रकल्पांच्या विरोधात उभे नाही. नवे पूल नव्या संहितेप्रमाणे बांधले जातात, ते जुन्यापेक्षा बळकट असतील, हेही मान्य. पण या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा : तुला दक्षिणेला किंवा उत्तरेला जाताना खाडी किंवा नदीचं मुख ओलांडावं लागतं का? उत्तर बहुतेक ‘हो’ येईल. मग ती वाहतुकीची क्षमता वाढली, पर्याय वाढला नाही. क्षमता आणि पर्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमता रोजच्या दिवसासाठी लागते, पर्याय त्या एका दिवसासाठी. आपण पहिलीचं उद्घाटन करतो आणि नाव दुसऱ्याचं देतो. आमच्या टीकेचा गाभा एवढाच आहे.

मग खरा पर्याय कुठे आहे? ज्याला मोठी खाडी ओलांडावी लागत नाही, तो. वसईतून असे दोनच रस्ते पूर्वेला निघतात. एक, चिंचोटी-कामण-अंजूरफाटा, तुंगारेश्वरच्या दक्षिणेने भिवंडीकडे. दुसरा, शिरसाडहून आत वळून वज्रेश्वरी-अंबाडीकडे जाणारा. म्हणजे मंडळी, तुमचा रस्ता. आज ज्यावरून आम्ही इथे आलो तो. यांच्यावरही ओढे आहेत, मोऱ्या आहेत, लहान पूल आहेत, डोंगराकडेची दरड आहे. पण खाडीचं रुंद पात्र नाही, भरती-ओहोटीचा चिखल नाही. लहान पूल खचला तर त्याच्या शेजारून भर टाकून दोन दिवसांत तात्पुरती वाट काढता येते. वसईच्या खाडीत तशी वाट काढता येत नाही. आणि ज्या रस्त्यांची ही थोरवी, ते आपण कोणत्या अवस्थेत ठेवले आहेत हे इथे बसलेल्या कोणाला सांगायला नको. तुमच्या कमरांना ते रोज कळतं. खड्डे, दगडखाणींच्या अवजड गाड्या, पावसाळ्यात वाहून जाणाऱ्या कडा. शहराच्या नकाशात हे दोन्ही रस्ते ‘ग्रामीण भाग’ या सदरात पडून असतात. भूकंपाच्या दिवशी हेच शहराचं पुढचं दार होईल.

दुसरा स्वतंत्र पर्याय समुद्र. सॅन फ्रान्सिस्कोला १९८९ मध्ये उपसागरावरचा मोठा पूल महिनाभर बंद होता, तेव्हा बोटसेवा पुन्हा भरभरून चालली. आपल्याकडे वसई-भाईंदर रो-रो २०२४ मध्ये सुरू झाली. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या कोळी बांधवांकडे बोटी आहेत, आणि पाण्याचं ज्ञान आहे, जे कुठल्याही आराखड्यात सापडणार नाही. मात्र इथे एक मोठी अट. १७५५ साली लिस्बन शहरात भूकंप झाला तेव्हा लोक पडत्या घरांपासून पळून नदीकाठच्या मोकळ्या जागेत गेले आणि काही वेळाने लाट आली. १९४५ साली मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या आणि इथेही जीव गेले होते. म्हणून आधी किनाऱ्यापासून दूर, धोका टळल्याची सूचना आली की मग बोटी. क्रम चुकला की पर्यायच घात करेल.

बाहेरच्या वाटांइतकाच आतल्या वाटांचा प्रश्न आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला चार मजली इमारत रात्री कोसळली, १७ माणसं गेली. दाट वस्ती आणि अरुंद वाट यांमुळे सुरुवातीला मोठी यंत्रं आत नेता येईनात, माणसांनी हातांनी ढिगारा उपसला. तो भूकंप नव्हता, एकच इमारत होती, आणि मदतीला सगळा जिल्हा मोकळा होता. अशा शंभर इमारती एकाच वेळी आहेत असं क्षणभर धरा. त्यात रेल्वेने शहर पूर्व-पश्चिम चिरलेलं, आणि इकडून तिकडे जायला मोजके उड्डाणपूल. मग रुग्णवाहिका कुठल्या खाडीवरून जाईल हा प्रश्न नंतरचा, ती गल्लीतून बाहेर येईल का हा आधीचा. लिस्बनच्या त्या भूकंपानंतर रूसोने व्हॉल्टेअरला पत्र लिहिलं होतं. त्याचा आशय असा, की एवढी उंच घरं एकमेकांना चिकटवून निसर्गाने बांधली नव्हती. देवाच्या न्यायावर वाद चालला होता आणि रूसोने घरांकडे बोट दाखवलं. अडीचशे वर्षांनीही ते बोट हलवायची गरज पडलेली नाही.

आता आक्षेप. पहिला : तुम्ही घाबरवता आहात. आमचं उत्तर असं, की भीती आणि तयारी यांचं नातं उलट असतं. ज्याला आपली वाट माहीत असते तो कमी घाबरतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : जो भूकंप कदाचित शंभर वर्षांत येणार नाही, त्यासाठी पैसा का घालायचा, शाळा-दवाखाने बाकी असताना? यावर आम्ही बराच विचार केला. भूकंपासाठीच म्हणून एखादी मोठी वास्तू उभारायची असती तर आम्हीही कचरलो असतो. पण इथे जे लागतं ते भूकंप न येताही लागतं. शिरसाड-अंबाडी रस्ता धड झाला तर तुमच्या बाळंतिणी वेळेत पोहोचतील, मुलं शाळेत पोहोचतील, भाजी बाजारात पोहोचेल. पुरात तोच रस्ता, तुळईला तडा गेला तर तोच रस्ता. भूकंप हा फक्त कडक परीक्षक आहे, अभ्यासक्रम रोजचाच आहे.

तिसरा आक्षेप आम्ही स्वतःवरच घेतो. चांदीपच्या रस्त्याची महती सांगताना आम्हीही तीच चूक करत नाही ना, जी शहर नेहमी करतं? गावाकडे वाट म्हणून बघायचं. तानसेचं पाणी शहराला, खाणीतला दगड शहराला, आता संकटाच्या दिवशी रस्ताही शहराला. आणि गावातली घरं पडली असतील तर? पाड्यावरची विहीर आटली किंवा गढूळ झाली असेल तर? हजारो माणसं चालत या बाजूला आली तर त्यांना पाणी कोण देणार? जो आराखडा या रस्त्यावर रेघ ओढेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना विसरेल, तो अर्धाच नव्हे, अन्यायाचाही असेल. म्हणून आमची मागणी अशी, की हा रस्ता आपत्तीचा मार्ग ठरवायचा तर इथल्या आरोग्य केंद्राला, पाण्याच्या साठ्याला आणि धान्याच्या कोठाराला त्याच दिवशी, त्याच कागदावर जागा मिळाली पाहिजे.

करायचं काय, हे चार वाक्यांत सांगतो. पहिलं, नकाशा रस्त्यांचा नको, ओलांडण्यांचा हवा : कुठल्या वाटेवर कुठलं पाणी आडवं येतं आणि तिथे पायाखाली काय आहे. दुसरं, पूर्वेच्या दोन रस्त्यांवरची प्रत्येक मोरी आणि पूल तपासून ठेवा, आणि कुठल्या खाणीत किती जेसीबी, किती डंपर आहेत, चालक कुठे राहतो, याची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. तिसरं, कोळी वस्त्यांशी आजच बोला, त्या दिवशी नको. चौथं, प्रत्येक घराने असं धरून चाला की तीन दिवस बाहेरून कोणी येणार नाही : पाणी, औषधं, आणि खाडीपलीकडच्या आपल्या माणसाने कुठे थांबायचं याचा आधी ठरवलेला निरोप. यातलं शेवटचं करायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

आपण रोज वैतरणा ओलांडतो. पुराणात त्याच नावासारखी एक नदी आहे, मेल्यावर ओलांडायची. तिच्यासाठी आपल्या लोकांनी गाय दान देण्यापर्यंत तयारी सांगून ठेवली. जिवंतपणी ओलांडायच्या नदीसाठी मात्र एक पूल बांधला, त्याच्या शेजारी दुसरा बांधला आणि त्याला पर्याय म्हटलं. पुढच्या वेळी कुठल्याही सभेत, कुठल्याही कागदावर ‘पर्यायी मार्ग’ हा शब्द आला, की हात वर करून एवढंच विचारा : तो कुठली खाडी ओलांडतो? आम्हाला उरलेलं आयुष्य एवढा एक प्रश्न लोकांच्या तोंडी बसवायला पुरलं, तरी शिकवल्याचं समाधान वाटेल.

आता तुम्ही विचारा, आम्ही ऐकतो.